तूटफूट निरंक

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षांत एकही काच फुटली नाही. निदान कागदावर तरी नाही. दर महिन्याच्या शेवटच्या दिवशी मामा 'तूटफूट नोंदवही' घेऊन यायचे. त्यांच्या तिरप्या, शाळकरी अक्षरात महिन्याचं नाव असायचं, पुढे 'निरंक' असा एकच शब्द आणि त्याखाली माझ्या सहीसाठी जागा. मी रसायनशास्त्राची शिक्षिका, त्यामुळे सही माझी लागायची. एकोणीस वर्षं मी ती केली. खोटं आहे हे माहीत असून केली, आणि हसत हसत केली.

मामा म्हणजे आमचे लॅब अटेंडंट. मुलं त्यांना नळीमामा म्हणायची. एकोणिसाव्या वर्षी शाळेत घंटा द्यायला लागले. नववीत गणितानं त्यांना आणि त्यांनी गणिताला सोडलं, एवढंच त्यांचं शिक्षण. पुढे प्रयोगशाळेतला जुना माणूस निवृत्त झाला आणि त्या वासात जायला कुणी तयार होईना, तेव्हा हे गेले. रासायनिक सूत्रं त्यांना कधी आली नाहीत आणि त्याची त्यांना लाजही वाटली नाही. त्यांची स्वतःची नावं होती. कपाटाच्या खालच्या खणात तीन तीव्र आम्लांच्या बाटल्या असायच्या, त्यांना ते थोरला जावई, मधला जावई आणि धाकटा जावई म्हणायचे. वर्षाच्या पहिल्या तासाला मी सुरक्षेचे नियम फळ्यावर लिहायचे आणि मुलं जांभया द्यायची. मग मामा मागून पुढे यायचे.

"हे बघा, जावयाकडे पाठ करायची नाही. जावयाच्या अंगावर पाणी ओतायचं नाही, तो उसळतो. पाण्यात जावई सोडायचा, तोही बेताबेतानं. आणि थोरल्याच्या तर वाटेलाच जायचं नाही. काय हवं ते मला सांगायचं."

वर्ग खिदळायचा. पण एकोणीस वर्षांत माझ्या एकाही मुलानं आम्लात पाणी ओतलं नाही. माझे फळ्यावरचे नियम कुणाच्या लक्षात असतील असं मला वाटत नाही.

आता त्या निरंकचं सांगते. मी या शाळेत यायच्या आधीची गोष्ट आहे, मामांनीच सांगितलेली. नियम असा की विद्यार्थ्याकडून काच फुटली तर नोंदवहीत नाव लिहायचं, प्रात्यक्षिकाचे दोन गुण कापायचे आणि घरी पत्र पाठवायचं. अकरावीतल्या एका मुलीच्या हातून ब्युरेट, म्हणजे मापाची लांब काचनळी, फुटली. मामांनी नियमाप्रमाणे नाव लिहिलं, पत्र गेलं. बाप पत्र घेऊन शाळेत आला आणि म्हणाला, हिला धड काच धरता येत नाही, ही विज्ञान काय शिकणार? त्याला निमित्तच हवं होतं. आठवड्याभरात मुलीचा दाखला निघाला. पुढे कित्येक वर्षं ती मामांना बाजारात दिसायची, एका दुकानात घड्या घालताना. ओळख दाखवायची, हसायची सुद्धा.

"तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, बाई," मामा म्हणायचे. "हसली की माझं दिवसभर डोकं फिरतं."

तेव्हापासून त्यांनी कानाला खडा लावला. कुणाचंही नाव लिहायचं नाही. पण काच फुटायची थांबत नाही ना! पन्नास मुलं, तीस स्टँड, घामेजलेले हात. मग मामा फुटलेलं दुरुस्त करायला शिकले. कुणी शिकवलं नाही. टेस्ट ट्यूबचं तोंड उडालं की कानशीनं खाली एक बारीक रेघ ओढायची, तापवायची, टचकन कापायची आणि कड बर्नरवर फिरवत गोल करायची. नळी अर्ध्या इंचानं आखूड व्हायची पण जगायची. परत फुटली की परत आखूड. आमच्याकडे सहा इंचाच्या नळ्या होत्या तशा करंगळीएवढ्या पण होत्या, आणि लांब नळी कुणाला मिळणार यावरून मुलांची भांडणं लागायची. फ्लास्कची मान मोडली की त्याचं नरसाळं व्हायचं. ब्युरेटचं टोक गेलं की दुसऱ्या नळीतून ओढून नवीन टोक बसायचं. त्यातूनही जे वाचायचं नाही ते मामा कुणाकुणाकडून आणायचे. एका दवाखान्यातला रक्त तपासणारा माणूस त्यांचा मित्र होता, तो टाकाऊ नळ्या उकळून द्यायचा. शाळेकडे मागणी मात्र शून्य. मागणी केली की फुटलं कसं ते लिहावं लागतं.

एवढं सगळं करून त्यांच्या उजव्या अंगठ्याला आणि दोन बोटांना जाणच उरली नव्हती. तापलेली काच ते चिमट्याशिवाय उचलायचे. मुलांना तो चमत्कार वाटायचा.

एकदा त्यांच्या घरी गेले होते. दोन खोल्या, खिडकीत दुरुस्तीला आणलेल्या नळ्या ओळीनं मांडलेल्या, आणि मामी शिवणयंत्रावर लोकांच्या पँटींची उंची कमी करत बसलेल्या. मला स्टीलच्या पेल्यातून चहा दिला.

"कप नाहीत हो घरात," मामी म्हणाल्या. "पाच होते, पाचही यांनी फोडले. आणि तिकडे म्हणे सव्वीस वर्षं काही फुटत नाही!"

मामा लाजले आणि पेल्यात बघत बसले. मामी टोचून बोलल्या खऱ्या, पण नवऱ्याचं कौतुक त्यांच्या तोंडावर लपत नव्हतं.

असं सगळं बरं चाललं होतं, तेवढ्यात राज्याला मुलांचं भलं करायची हुक्की आली. योजनेचं नाव होतं 'आभासी उच्च माध्यमिक विद्यालय'. जिथे प्रयोगशाळा चांगली चालते तिथे विज्ञान शाखा शाळेत राहणार. जिथे चालत नाही तिथली शाखा बंद होऊन मुलं घरून पडद्यावर शिकणार. एक तज्ज्ञ शिक्षक एका वेळी चारशे मुलांना शिकवील. कुठली शाळा कुठल्या बाजूला पडणार ते 'उपलब्ध माहितीच्या आधारे' ठरणार होतं. माहिती गोळा करायला एक तरुण अधिकारी आमच्याकडे आला. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर निदान आम्ही सावध राहिलो असतो.

सभागृहात त्यानं मोठ्या पडद्यावर आभासी प्रयोगशाळा दाखवली. बोटानं बीकर उचलायचा, बोटानं ओतायचा. रंग बदलला की खाली टाळ्यांचा आवाज. प्रयोग चुकतच नाही. चुकीची बाटली उचलली तर ती हातातच येत नाही.

"आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे," तो म्हणाला, "इथे काही फुटत नाही. तूटफूट शून्य!"

मागच्या रांगेतून मामा उभे राहिले. अंगात तो डागांचा निळा कोट, हात मागे बांधलेले.

"साहेब, आमची पण शून्यच आहे."

मुलांनी जी बाकं बडवली! हेडसर, म्हणजे आमचे मुख्याध्यापक, कोंबड्यासारखे फुलले. अधिकाऱ्यानं विचारलं, "खरंच? रेकॉर्ड आहे का?" आणि छप्पन्न वर्षांचा तो माणूस अक्षरशः पळत गेला. तिन्ही नोंदवह्या छातीशी धरून आणल्या. सव्वीस वर्षांचं निरंक. अधिकाऱ्यानं पानापानांचे फोटो काढले. मामा शेजारी उभं राहून त्याला पानं उलटून देत होते.

मी तेव्हा काय करत होते? खोटं सांगणार नाही, मी पण टाळ्या वाजवत होते. यंत्राला आमच्या माणसानं कसं गप्प केलं, असं मला वाटत होतं.

दोन महिन्यांनी अहवाल आला. आमची प्रयोगशाळा 'क' वर्गात. शेरा असा: "वापर नगण्य. आधार: तूटफूट नोंदवही, सव्वीस वर्षे निरंक. काचसामानाची नवीन मागणी नाही." खाली एक वाक्य होतं, ते मला पाठ झालंय: "ज्या प्रयोगशाळेत काहीच फुटत नाही, तेथे प्रयोग होत नाहीत असा निष्कर्ष काढणे वाजवी आहे."

आणि 'अ' वर्गात कोण? पलीकडच्या वस्तीतली शाळा. तिथल्या प्रयोगशाळेत शिक्षक आपले ओले कपडे वाळत घालतात हे सगळ्यांना माहीत आहे. पण तिथला माणूस हुशार. दरवर्षी चाळीस नळ्या, सहा फ्लास्क कुणाच्या ना कुणाच्या नावावर फुटल्याचं न चुकता लिहितो आणि नव्या मागवतो. त्या नव्या नळ्या कुठे जातात ते मला विचारू नका. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, दुसरं काय! फक्त हे आंधळं लॅपटॉप घेऊन दळायला बसलेलं.

मामांनी अहवाल तीन वेळा वाचला. मग मला विचारलं, "बाई, म्हणजे मी दर वर्षी थोडं फुटलेलं लिहिलं असतं तर वाचलो असतो?"

मी म्हटलं, "हो."

"नावं न लिहिता नुसतं फुटलं असं लिहिता आलं असतं का?"

"नसतं आलं. नावाचा रकाना आहे."

"हां," ते म्हणाले आणि स्टँड पुसायला लागले.

हरकत घ्यायला तीस दिवस होते. पालकांची सभा झाली. रिक्षा चालवणारा एक बाप म्हणाला, आमच्या घरात दार लावून बसता येईल अशी एकच जागा आहे आणि ती न्हाणीघर. लोक हसले. हेडसरांनी हसून माहिती लिहून घेतली, तिचं पुढे काय केलं ते त्यांचं त्यांना माहीत. सुनावणीची तारीख मिळाली. अट एकच होती, वापराचा पुरावा द्या. फोटो चालणार नाहीत, कारण फोटो काय, कुणीही काढतं. मुलांचे जबाब चालणार नाहीत, कारण ती मुलं.

पुरावा एकच होता, आणि तो कपाटात ओळीनं उभा होता. तीनशे नळ्या, प्रत्येक वेगळ्या उंचीची. कुणीही हातात घेऊन बघावं, की ही किती वेळा फुटली आणि किती वेळा कापून वाचवली. पण तो पुरावा द्यायचा तर नोंदवही खोटी आहे हे आधी सांगावं लागणार. हेडसर म्हणाले, "तुमचं तुम्ही बघा. मी काही सांगितलेलं नाही, मी काही ऐकलेलं नाही." नाकानं कांदे सोलणारा हा माणूस, त्या दिवशी त्याला नाकही नव्हतं आणि कानही नव्हते.

मामांचं ठरलं होतं. सुनावणीच्या आदल्या दिवशी दुपारी ते कापसात एकेक नळी गुंडाळून पेटीत भरत होते. फार दिवसांनी शीळ घालत होते.

"उद्या सगळं सांगून टाकतो, बाई. पहिल्यापासून. करतील काय? दोन वर्षं राहिलीत माझी. ठपका ठेवतील. ठेवू दे. लॅब तर राहील."

इथे मला थांबावंसं वाटतं, पण थांबत नाही. त्या आठवड्यात मला एक फोन येऊन गेला होता. आभासी विद्यालयासाठी विषयमार्गदर्शक नेमणार होते, संपूर्ण विभागात रसायनशास्त्राचे चारच, आणि माझं नाव विचारात होतं. 'फक्त सेवापुस्तक स्वच्छ हवं,' पलीकडचा माणूस म्हणाला होता. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. शाखा बंद झाली आणि नाव निघालं नाही तर मी जादा शिक्षिका. मग कुठल्या तरी टोकाला बदली, किंवा तीही नाही. माझी अकरा वर्षं राहिली होती.

मी मामांना 'सांगू नका' असं म्हटलं नाही. तेवढी सरळ मी नाही. मी एक नळी उचलली, उजेडाकडे धरली आणि सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "सांगा की. सांगायलाच हवं. फक्त गेल्या एकोणीस वर्षांत प्रत्येक निरंकखाली सही माझी आहे, तेवढं ध्यानात असू द्या."

शीळ थांबली.

"अरेच्चा," मामा म्हणाले. "हो की. ते माझ्या डोक्यातच आलं नाही."

त्यांनी माझ्या हातातून नळी घेतली, कापसात गुंडाळली, पेटीत ठेवली. मी म्हटलं, "तसं नाही मामा, तुम्हाला योग्य वाटेल तेच करा." ते म्हणाले, "बरं, बाई." दुसऱ्याच्या खांद्यावर ओझं ठेवून वर त्याला मोकळा आहेस म्हणून सांगायचं, हे शहाणपण मला कुठल्या शाळेत शिकवलं होतं कोण जाणे.

सुनावणी शिक्षण कार्यालयाच्या तिसऱ्या मजल्यावर होती. लांब टेबल, पलीकडे तिघं, मध्ये एक वयस्क अधिकारी बाई. खरं सांगायचं तर त्या बाईंना आम्हाला काही द्यायचं होतं असं मला दिसत होतं. त्यांनी मामांना बसायला सांगितलं, ते बसले. पेटी दोन्ही पायांच्या मध्ये ठेवली.

"सव्वीस वर्षांत एकही काच फुटली नाही," बाई म्हणाल्या, "हे माझ्या मनाला पटत नाही. माझ्या घरात आठवड्याला एक फुटते. काही सांगायचं असेल तर सांगा. मोकळेपणानं सांगा."

मामांनी माझ्याकडे पाहिलं नाही. एकदाही नाही. पाहिलं असतं तर कदाचित माझ्या तोंडातून काही निघालं असतं, असं मी स्वतःला सांगत असते.

"नोंदवही बरोबर आहे, बाईसाहेब."

"म्हणजे मुलं प्रयोग करत नव्हती?"

"क्वचित. फारशी नाही."

"मग तुम्ही सव्वीस वर्षं काय करत होता?"

त्यांना खोटं बोलायची सवय नव्हती, लिहायची होती.

"धूळ पुसत होतो," ते म्हणाले.

टेबलापलीकडचा एक जण हसला. अधिकारी बाई हसल्या नाहीत. त्यांनी मला विचारलं, "तुम्ही विषयशिक्षिका ना? तुम्हाला काही जोडायचंय?" पेटी माझ्यापासून हातभर अंतरावर होती. पायानं झाकण उघडता आलं असतं.

"नाही," मी म्हटलं.

जिना उतरताना मामा पेटी दोन्ही हातांनी धरून पुढे चालले होते, पायरी चुकू नये म्हणून हळूहळू. मला त्यांचा राग आला. खरंच सांगते, संताप आला. कुणी सांगितला होता हा मोठेपणा? मला चार शब्द सुनावले असते, वर सगळं ओकले असते, तर मी त्यांना कृतघ्न म्हणून मोकळी झाले असते. दुसऱ्या मजल्यावर मी त्यांना म्हटलं, "मामा, असं का बोललात?"

"काय बोललो?"

"धूळ पुसत होतो म्हणून."

"पुसत होतोच की," ते म्हणाले. "रोज पुसायचो."

जूनपासून विज्ञान शाखा पडद्यावर गेली. बावन्न मुलांपैकी एकोणतीस उरली, बाकीच्यांनी दुसरे विषय घेतले. प्रयोगशाळेतले ओटे काढून तिथे टॅब्लेट चार्ज करायच्या मांडण्या बसवल्या, आणि मामांना परत घंटेवर पाठवलं. मार्गदर्शकांची यादी सूचनाफलकावर लागली त्या दिवशी मी मुद्दाम उशिरा शाळेत गेले. माझं नाव तिसरं होतं. स्टाफरूममध्ये मी एकटीच होते, तेवढ्यात मामा दारात आले. निळा कोट नव्हता, त्यामुळे ते मला एकदम बारीक वाटले.

मी तयारीत होते. टोमणा आला तर काय म्हणायचं ते मी सकाळपासून जुळवून ठेवलं होतं.

"बाई, नाव वाचलं," ते म्हणाले. "घरी मामीला पण फोन करून सांगितलं. चारशे मुलांना शिकवणार तुम्ही आता!"

मी त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं, पुन्हा पाहिलं. टोमणा नव्हता. त्यांना खरंच आनंद झाला होता.